ती बास जेमर्सनची नाही

बास गिटार वाजवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. 'पापा वॉज अ रोलिन स्टोन' हे टेम्प्टेशन्स या अमेरिकन गायक-गटाचं मूळ गाणं, त्यातली बास मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या नामांकित बासवादक जेम्स जेमर्सनची आणि गाण्यात वडील वारल्याची जी ३ सप्टेंबर ही तारीख येते, ती टेम्प्टेशन्सचे गायक डेनिस एडवर्ड्स यांच्या खऱ्या आयुष्यातली. तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि तिसरी चूक पहिलीतूनच निघते.

आधी 'मूळ'चं बघू. नॉर्मन व्हिटफिल्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांनी लिहिलेलं हे गाणं १९७२ मध्ये सर्वांत आधी आलं ते अनडिस्प्युटेड ट्रुथ या तिघांच्या गटाच्या आवाजात. कंपनी तीच, मोटाउन. निर्माताही तोच, व्हिटफिल्ड. साधारण साडेतीन मिनिटांची ती सिंगल (एका गाण्याची छोटी रेकॉर्ड) फारशी चालली नाही. मग त्याच वर्षी व्हिटफिल्डनं तेच गाणं टेम्प्टेशन्सकडून करून घेतलं, ताणून जवळपास बारा मिनिटांचं केलं आणि डिसेंबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मोटाउनमध्ये हे नेहमीचंच होतं. अनडिस्प्युटेड ट्रुथचं गाजलेलं 'स्मायलिंग फेसेस समटाइम्स' उलट टेम्प्टेशन्सनी आधी गायलं होतं.

आता तारीख. ३ सप्टेंबरची ती ओळ अनडिस्प्युटेड ट्रुथच्या रेकॉर्डमध्येही आहे. म्हणजे एडवर्ड्स माइकसमोर उभे राहण्याच्या आधीच ती लिहून, गाऊन, छापून झाली होती. त्यांच्यासाठी ती लिहिली, या म्हणण्याला जागाच उरत नाही. शिवाय त्यांचे वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. गाण्यातल्या घर सोडून भटकणाऱ्या बापाशी त्यांचं नाव जोडलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राहिली बास, आणि माझा खरा जीव तिच्यात अडकलाय. टेम्प्टेशन्सच्या त्या रेकॉर्डवर बास लिरॉय टेलर यांनी वाजवली आहे. ड्रम्सवर ॲरन स्मिथ, 'वा-वा' असा आवाज काढणाऱ्या गिटारवर मेल्विन रेगिन. हेडफोन लावून अल्बमवरची लांब आवृत्ती ऐका. हाय-हॅटची, म्हणजे ड्रम्समधल्या जोडझांजांची टिकटिक, मग बासचे मोजके सूर, मग शांतता. पुन्हा तेच सूर, पुन्हा तीच शांतता. अख्खं गाणं एकाच कॉर्डवर, म्हणजे एकाच स्वरसमूहावर उभं आहे. व्हायोलिनं येतात, ट्रम्पेट येतो, टाळ्या येतात, पण बास जागची हलत नाही. पहिला शब्द येईपर्यंत जवळजवळ चार मिनिटं होतात आणि तोवर सगळा भार त्या मोकळ्या जागांनी पेललेला असतो. सूर वाजवणं सोपं आहे, पण एवढा वेळ हात आवरून बसणं किती अवघड, ते वाजवून बघितल्यावरच कळतं.

जेमर्सन हे माझंही दैवत आहे. एका बोटानं वाजवणारा, दर वळणावर नवं काही सुचणारा तो माणूस. पण प्रत्येक रेकॉर्ड त्यांच्या नावावर चढते याचं कारण वेगळं आहे. मोटाउन वर्षानुवर्षं वादकांची नावं कव्हरवर छापतच नव्हती. १९७१ मध्ये मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ती पहिल्यांदा नीट छापली गेली. आधीची जागा कोरी, त्यामुळे लोक तिथे आपल्याला ठाऊक असलेलं एकच नाव भरत गेले.

टेम्प्टेशन्सच्या सिंगलच्या मागच्या बाजूला याच गाण्याची नुसती वाद्यांची आवृत्ती होती. तिला १९७३ मध्ये वेगळं ग्रॅमी मिळालं. त्या पारितोषिकावर व्हिटफिल्ड आणि संयोजक पॉल रायझर यांची नावं आहेत. लिरॉय टेलर यांचं नाही.