बाँडच्या 25 स्कोअरची रँकिंग लावा, एकही न ऐकता

पहिले एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या राजेहो, जेम्स बाँडच्या 25 सिनेमांच्या पार्श्वसंगीताची, म्हणजे स्कोअरची, रँकिंग लावायला पार्श्वसंगीत ऐकायची अजिबात गरज नसते. उलट ऐकलं की काम बिघडतं. ऐकणारा माणूस हे पण बरं आहे, ते पण बरं आहे, इथं चेलो काय सुंदर आलाय वगैरे करत बसतो अन् तोवर ग्रुपवरचा दुसरा कोणीतरी यादी टाकून मोकळा होतो, आणि यादीचं असं असतं की जो पहिले टाकतो तो जाणकार, मागून येणारे फक्त अंगठा द्यायला.

सुरुवात टायटल साँगपासून करा आणि शेवटही तिथंच करा. गाण्याला गायिका असते, गायिकेचा फोटो असतो, गाडीत वाजवता येतं, अन् मुख्य म्हणजे चार-पाच मिनिटांत संपतं. स्कोअर म्हणजे पडद्यावर कोणी बोलत असताना, पळत असताना, काहीतरी फुटत असताना मागे जे चाललेलं असतं ते, त्याला बिचाऱ्याला कोण विचारतं? तेव्हा स्कायफॉलचं गाणं आवडतं ना, मग स्कायफॉलचा स्कोअर वर टाका, विषय संपला. गाणं अडेल आणि पॉल एपवर्थचं अन् स्कोअर थॉमस न्यूमनचा, हे दोन वेगळे लोक, असं कोणी सांगायला आलंच तर ॲडमिनकडे त्याची सोय असते.

फक्त थंडरबॉलपाशी जरा जपून. 1965 च्या त्या सिनेमासाठी आधी दुसरंच गाणं ठरलं होतं, ते ऐन वेळी बाजूला पडलं, टॉम जोन्सचं आलं, पण संगीतकार जॉन बॅरीने त्या पहिल्या गाण्याची चाल स्कोअरमध्ये जागोजागी पेरून ठेवली होती ती तशीच राहिली, म्हणजे सिनेमाभर एक असं गाणं वाजत राहतं जे सिनेमात कोणी गातच नाही. हे एकदा कळलं की टायटल साँगवरून स्कोअर ठरवायची आपली सगळी पद्धतच कोसळते, म्हणून थंडरबॉल सहाव्या-सातव्या नंबरला ठेवून द्यायचा आणि वर पाहायचं नाही.

आता कोणाला ऐकल्याशिवाय जीवच राहत नसेल तर त्याने मे महिन्यात ऐकावं. दुपारची वेळ, बाहेर 45, खिडकीत कूलर, खस नुकतीच बदललेली, पंपाचा घरघर आवाज, टाकीत नळीने पाणी पडून राहिलं, आणि फोन कूलरच्याच बाजूला स्टुलावर ठेवून त्याच्या स्पीकरवर. अशा वेळी तुम्हाला ट्रम्पेट ऐकू येतं, फक्त ट्रम्पेट, बाकी सगळं कूलर खाऊन टाकतो. रँकिंगला एवढं पुरतं. जिथे ट्रम्पेट जोरात तो स्कोअर भारी, जिथे नाही तो "थोडा स्लो आहे यार".

कूलर बंद करून हेडफोन लावणाऱ्यांचे काय हाल होतात तेही सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही त्या वाटेला जाणार नाही. बाँडच्या नेहमीच्या थीमच्या तळाशी चार सुरांची एक चाल फिरत असते, पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, परत कोमल धैवत, बस एवढीच, घरच्या पेटीवर एका बोटाने वाजते. दोन्ही धैवत असे एकमेकांना चिकटून लावलेले ऐकले तर नागपूरच्या धरमपेठेतल्या क्लासच्या बाई पेटीचं झाकणच लावतील, पण ते जाऊ द्या. अडचण अशी की ही चाल एकदा कानात बसली की ती सगळीकडे सापडायला लागते, कधी खाली बेसमध्ये, कधी तंतुवाद्यांत, कधी नुसते पहिले दोन सूर देऊन सोडून दिलेली, आणि मग कोणत्या संगीतकाराने ती कुठे लपवली, कुठे उघडी केली हेच शोधत तुम्ही बसता, मारामारी राहते बाजूला. संध्याकाळ जाते. यादी तशीच पडून राहते.

बरं, ही थीम मुळात आली कुठून हे तर कोणाला सांगूच नका, कारण ऐकणाऱ्याला वाटतं आपण फेकून राहिलो. मॉन्टी नॉर्मन म्हणून एक ब्रिटिश संगीतकार होता, त्याने लेखक नायपॉलच्या अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास या 1961 च्या कादंबरीवर संगीत नाटकाची तयारी केली होती, ते नाटक काही उभं राहिलं नाही पण त्यातलं एक गाणं पडून होतं, सतारीच्या ढंगाचं, त्रिनिदादमधल्या भारतीय घरातला माणूस गातोय की बाबा मी जन्मालाच अपशकुनी शिंक घेऊन आलो. 1962 मध्ये डॉ. नो या पहिल्या बाँडपटाचं काम अंगावर आल्यावर नॉर्मनने तीच चाल बाहेर काढली, बॅरीने तिला बँडवर चढवलं, विक फ्लिकने गिटारवर वाजवली. म्हणजे बंदुकीच्या नळीसमोरून ऐटीत चालत येणारा तो सुटाबुटातला माणूस मुळात एका शिंकेवर चालत येतो. आपल्याकडे निघताना कोणी शिंकलं तर आजी परत खाली बसवते, पाणी पी म्हणते, अन् तिकडे त्याच शिंकेवर साठ वर्षं तिकिटं विकली गेली.

चाल नक्की कोणाची यावर भांडण झालं, लंडनच्या कोर्टात गेलं, 2001 मध्ये ज्युरीने नॉर्मनच्या बाजूने निकाल दिला आणि चाल बॅरीची असं छापणाऱ्या वर्तमानपत्राला त्याला 30,000 पौंड मोजावे लागले. तुम्ही हे सगळं बाजूला ठेवून सकाळी पोह्यावर तर्री घेता घेता "थीम बॅरीचीच बे, सगळ्यांना माहीत आहे" असं ठोकून द्यायचं. ठेल्यावर ज्युरी नसते. आणि खरं सांगू का, त्या थीमचा जो रुबाब आहे, तो भसकन अंगावर येणारा ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, तो बॅरीचाच आहे, त्यामुळे चूक बोलूनही तुम्ही अर्धे बरोबरच ठरता. असा सौदा रोज मिळत नाही.

बॅरीचे 11 सिनेमे आहेत, 1963 च्या फ्रॉम रशिया विथ लव्हपासून 1987 च्या द लिव्हिंग डेलाइट्सपर्यंत. पहिले पाच नंबर डोळे झाकून त्याला द्या. एक नंबरला ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस, 1969. का? तर तो टाकला की समोरचा गप्प होतो. त्यात बाँडचं काम जॉर्ज लेझनबीने केलं आणि एकदाच केलं, त्यामुळे अर्ध्या लोकांनी तो पाहिलेला नसतो अन् पाहिला नाही हे कबूल करायची कोणाची हिंमत नसते. त्यात टायटलला गाणंच नाही, नुसतं वाद्यसंगीत आहे, खाली मूग नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य, गुरगुरतो आणि वर ब्रास उतरत येतो, बर्फावरच्या पाठलागात तीच चाल परत येते तेव्हा अंगावर काटा येतो, आणि हे मी 1969 च्या मानाने म्हणत नाही, आजच्या मानाने म्हणतोय. असो, मी वाहवत चाललो. तुम्ही फक्त "मूग" एवढं म्हणा. जास्त खोलात कोणी जात नाही.

गोल्डफिंगर दोन नंबरला. महाल भागातल्या अरुंद गल्लीत वरात शिरली की बँडवाल्यांचं ट्रम्पेट जसं दोन्हीकडच्या भिंतींवर आपटून दुप्पट होऊन अंगावर येतं तसा तो ब्रास आहे, आणि त्याची रेकॉर्ड 1965 मध्ये अमेरिकेत एक नंबरवर गेली होती, बीटल्सच्या धुमाकुळात. याच्यावर वाद कोणी घालत नाही, घातला तर त्याला समोसा खाऊ द्या, शांत होईल.

बॅरीचा भक्त म्हणून एक धोका मात्र लक्षात ठेवा, द मॅन विथ द गोल्डन गन, 1974. त्यात एका मोडक्या पुलावरून गाडी हवेत पूर्ण गोल फिरून पलीकडे चाकांवर उतरते. खरी गाडी, खरा ड्रायव्हर, कॉम्प्युटरवर आकडेमोड करून ठरवलेली उडी, आणि एकाच टेकमध्ये जमलेली. त्या क्षणी ऑर्केस्ट्राने काय करावं? बॅरीने तिथे स्लाइड व्हिसल घातली, ती दांडी ओढून वाजवायची शिट्टी, फुईईईऽऽ. झालं. आयुष्यात एकदा होणारा स्टंट, आणि थिएटरमध्ये लोक हसून राहिले. आता हा स्कोअर खाली टाकला तर बॅरीवरची निष्ठा जाते अन् वर टाकला तर कान जातात. यावर उपाय असा की तो तेरा नंबरला टाकायचा, कारण दहाच्या खाली आणि वीसच्या वर काय लिहिलंय ते आजवर कोणी वाचलेलं नाही.

त्याच मधल्या पट्ट्यात बाकीची मंडळी कोंबून टाका. लिव्ह अँड लेट डायचा जॉर्ज मार्टिन, हा बीटल्सचा प्रोड्यूसर, हे सांगितलं की काम झालं. द स्पाय हू लव्ह्ड मीचा मार्व्हिन हॅमलिश, त्याने 1977 मध्ये बाँडला डिस्कोवर नाचवलं. फॉर युअर आइज ओन्लीचा बिल कॉन्टी, म्हणजे रॉकीवाला. लायसन्स टू किलचा मायकेल केमन, म्हणजे डाय हार्डवाला. "वाला" लावून ओळख करून दिली की आपण त्या माणसाला खूप आधीपासून ओळखतो असं वाटतं, ही नागपूरची जुनी रीत आहे, इथं पण वापरा.

ऑक्टोपसीला देशभक्तीचे दहा मार्क वेगळे. 1983 चा सिनेमा, उदयपूरचं शूटिंग, टेनिसवाला विजय अमृतराज गारुड्याच्या वेशात पुंगी वाजवतो, आणि पुंगीवर काय तर बाँडचीच थीम, ती ऐकून बाँड ओळखतो की हा आपला माणूस. जरा विचार करा, म्हणजे बाँडच्या जगात बाँडची थीम लोकांना पाठ आहे, एका गुप्तहेराची! मग गुप्त काय राहिलं? आणि वरून ती चाल त्रिनिदादमधल्या भारतीय घराच्या गाण्यातून निघालेली, फिरून फिरून उदयपूरच्या पुंगीत येऊन पडली, हा योगायोग जर कोणी ठरवून लिहिला असता तर आपण म्हटलं असतं काहीही फेकतो. पण हे सगळं तुम्ही लिहायचं नाही, तुम्ही लिहायचं "इंडिया कनेक्शन" आणि पुढे तिरंगा.

शेवटचा नंबर ठरलेला आहे, त्यावर मेहनत घेऊ नका. गोल्डनआय, 1995, एरिक सेरा. पंचवीस नंबर. कारण विचारलं तर "इलेक्ट्रॉनिक आहे" एवढंच म्हणायचं, तोंड वाकडं करून. सेंट पीटर्सबर्गमध्ये बाँड रणगाडा घेऊन गल्लीबोळातून घुसतो त्या सीनचं सेराचं संगीत काढून टाकलं आणि जॉन आल्टमनकडून नेहमीच्या थीमवर दुसरं करून घेतलं, हा किस्सा मात्र जरूर सांगा, छाप पडते. बाकी त्या स्कोअरमध्ये धातूवर धातू आपटल्यासारखे जे थंड आवाज आहेत ते सोव्हिएत काळाच्या त्या भंगारात किती चपखल बसतात हे मला रात्री एकट्याने ऐकताना वाटतं, पण रात्री एकट्याने काय वाटतं ते यादीत लिहीत नसतात.

डेव्हिड आर्नोल्डचे पाच सिनेमे आहेत, त्यातला 2006 चा कसिनो रॉयाल सगळ्यात त्रासदायक. या माणसाने काय करावं, तर अख्खा सिनेमा थीम देतच नाही. हा नवीन बाँड, अजून बाँड झालेलाच नाही, म्हणून नुसते तुकडे, इथे दोन सूर, तिथे चार, बाकी टायटल साँगच्या चालीवर निभावून नेलंय, आणि शेवटी तो स्वतःचं नाव सांगतो तेव्हा कुठे धाडकन पूर्ण थीम. आता आपल्याकडे त्या क्षणी काय चालू असतं? दिवे लागलेले असतात, मागच्या रांगेतला "चला चला, पार्किंगमध्ये गर्दी होईल" म्हणत असतो, पोट्टं सीटखाली चप्पल शोधत असतं. दोन तास राखून ठेवलेली चाल जिन्यावरच्या गर्दीच्या डोक्यावरून जाते. त्यात मध्ये इंटरव्हल, तो तर कोणत्या सुरावर कापतील याचा नेम नाही, सदर भागातल्या टॉकीजपासून मॉलपर्यंत सगळ्यांची कात्री सारखीच. म्हणून हा स्कोअर आठव्या नंबरला टाका. "स्टार्टिंगला थीम नाही यार" ही टीका तयार ठेवा.

न्यूमनच्या स्कायफॉलला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळालाय म्हणून तो वर, आणि स्पेक्टरमध्ये त्याने स्कायफॉलचंच सामान बरंचसं परत वापरलंय म्हणून तो खाली. नो टाइम टू डाय, 2021, हान्स झिमर. झिमरला वर टाका, तो आवडत नसला तरी. आपल्या ग्रुपवर त्याला नाव ठेवलं की तीन जण लगेच व्हॉइस नोट पाठवतात, आणि व्हॉइस नोट ऐकाव्या लागतात.

एवढं करूनही एखादा खमक्या निघतोच, ज्याने खरंच सगळे ऐकलेले असतात आणि जो विचारतो की भाऊ, सोळाव्या नंबरला मूनरेकर काहून टाकला, त्यातलं अंतराळात जायच्या वेळचं संगीत ऐकलं का तुम्ही? याला उत्तर द्यायचं नाही. याला शांतपणे विचारायचं की मग 1983 चा नेव्हर से नेव्हर अगेन, थंडरबॉलचीच कथा परत काढलेला, तो तुम्ही धरता की नाही? त्यात शॉन कॉनरी आहे, बाँड आहे, संगीत मिशेल लेग्रांचं आहे, पण नेहमीच्या कंपनीचा सिनेमा नसल्याने ती थीमच वापरता आली नाही. धरला तर 26, नाही धरला तर 25. मग रात्री दीडपर्यंत ग्रुप थंडरबॉलच्या हक्कांवर अन् कोर्टकचेऱ्यांवर भांडत बसतो, लेग्रांचा एक सूर कोणी काढत नाही, आणि तुमच्या सोळा नंबरला कोणी हात लावत नाही.