सुरू सूचिपर्णी नव्हे

तुमच्या झाडांवरच्या लेखात मोरपंखीबरोबर सुरूलाही सूचिपर्णी (म्हणजे पाइनसारखं शंकू धरणारं झाड) म्हटलंय, तेवढं दुरुस्त करा. सुरूची ‘सुई’ म्हणजे पान नव्हे, बारीक हिरवी डहाळी. ओढली की पेरावर टचकन सुटते. भिंगातून बघा, पेराभोवती 6 ते 8 इवलेसे दाते दिसतील. खरी पानं ती! ‘शंकू’ म्हणतात तोही फळांचा गुच्छच. मोरपंखी मात्र खरी सूचिपर्णी, ओळखायला सोपी: चपटे उभे पंखे, दोन्ही बाजूंनी सारखेच हिरवे, कोवळा शंकू निळसर, वर हुकांसारखी वाकडी शिंगं. अशीच गल्लत आणखी एका सूचिपर्णीची होते: पुण्यातल्या नर्सरीत नॉरफोक पाइन (ख्रिसमस ट्रीसारखं दिसणारं शोभेचं झाड) म्हणून घेतलेलं रोप पुष्कळदा त्याचाच भाऊबंद कुक पाइन निघतं. कुंडीत फरक सांगणं कठीणच. मोठ्या झाडाचं खोड दक्षिणेकडे कललेलं आणि साल पातळ कागदासारखी सुटत असेल, तर कुक समजा.