इंग्लंडची बाटली आणि माळव्याची काळी माती

दसरा झाला की इंदूरच्या मराठी घरांत एक वाद दरवर्षी नव्याने सुरू होतो. पावसाळ्यात परसबागेत दूब, लव्हाळा, केना, गाजरगवत सगळं माजलेलं असतं, मेथी-पालक-वाटाणा पेरायची घाई असते, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "काका, खोदण्याआधी तणनाशक मारून घ्या. इंग्लंडमध्ये सगळे तसंच करतात." त्यावर लगेच उत्तर येतं, "काही नको, तिकडे त्याच्यावर बंदी आहे, कॅन्सर होतो." सुदामानगर असो की राजेंद्रनगर, दोन्ही बाजूंना दाखला परदेशाचाच लागतो. इंग्लंडमध्ये राहून माझा भाजीपाल्याच्या जमिनीशी रोज संबंध येतो, त्यामुळे हे दोन्ही दाखले फार खटकतात. माझं मत सरळ आहे: इंदूरच्या परसबागेत ऑक्टोबरच्या खोदाईआधी तणनाशक मारू नये. त्याचं कारण बंदीत शोधायचं नाही, ते हवामानात आणि मातीत आहे.

आधी बंदीचं बघू. हा वाद मुख्यतः ग्लायफोसेट या तणनाशकावरून होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. तरीही युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची परवानगी आणखी १० वर्षांसाठी वाढवली. फ्रान्समध्ये घरगुती बागांसाठी ते १ जानेवारी २०१९ पासून बंद आहे, इंग्लंडमध्ये मात्र आजही बागेच्या दुकानात मिळतं. म्हणजे 'तिकडे बंदी आहे' हे अर्धंच खरं. आणि वादात कुणी काढत नाही ती गोष्ट आपल्याच देशातली आहे: केंद्रीय कृषी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरावं. त्याआधीही आपल्याकडे त्याची शिफारस चहाचे मळे आणि पीक नसलेली जमीन एवढ्यापुरतीच होती. मेथीच्या वाफ्याचा त्यात कुठेच उल्लेख नाही.

आता इंग्लंडमध्ये लोक नेमकं काय करतात ते पाहा. इथे भाजी लावायला वर्षाच्या भाड्याने जमिनीचे तुकडे मिळतात. पूर्ण तुकडा जुन्या मापाने १० रॉड, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. सप्टेंबरच्या मध्यात, पानं अजून हिरवी असताना, फवारणी करतात. ग्लायफोसेट पानांतून आत शिरतं आणि झाडाच्या रसाबरोबर मुळांपर्यंत उतरतं. थंडी जवळ आली की बहुवर्षायू तणं पानांतली साखर मुळांत साठवायला लागतात, त्या ओघात औषधही खाली जातं. म्हणून शरद ऋतू निवडतात. मग ३-४ आठवडे जमिनीला हात लावत नाहीत. पानं पूर्ण पिवळी-तपकिरी झाली की ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात खोदतात, ढेकळं तशीच उघडी टाकतात, आणि पुढची पेरणी थेट मार्चमध्ये. मधले चार-पाच महिने जमीन रिकामी असते. या मोकळ्या वेळावरच सगळा हिशेब उभा आहे.

इंदूरमध्ये हा मोकळा वेळ आणणार कुठून? दसऱ्याला फवारणी आणि कोजागिरीच्या आत पेरणी, असा बेत असतो. तिसऱ्या दिवशी पानं अजून हिरवीच दिसतात, 'औषध लागलं नाही' असं वाटतं, आणि कुदळ सुरू होते. औषध अजून पानांत आणि देठांतच असतं. कुदळीने मूळ तुटलं की खाली जायची वाटच बंद. पानं मरतात, लव्हाळ्याच्या जमिनीखालच्या गाठी राहतात, आणि दिवाळीपर्यंत लव्हाळ्याचे कोंब मेथीतून वर आलेले असतात.

खोदाईमागचं कारणही दोन्हीकडे अगदी वेगळं आहे. इंग्लंडची चिकण माती शरदात खोदून टाकतात ती दंवासाठी. ढेकळातलं पाणी गोठतं, फुगतं, वितळतं, आणि वसंतापर्यंत ढेकूळ आपोआप भुसभुशीत होतं. इंदूरला मातीत पाणी गोठवणारी थंडी पडत नाही. माळव्यात तेच काम ऊन करतं. काळी माती एप्रिल-मेमध्ये सुकून आक्रसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्या पावसात तीच ढेकळं विरघळतात. म्हणून आपल्याकडे उन्हाळी नांगरट आहे. इंग्लंडचं ऑक्टोबरचं काम माळव्यात मे महिन्याचं आहे. हे ध्यानात न घेता वेळापत्रक उचललं की ओल्या काळ्या मातीत कुदळ पडते, तिचे विटेसारखे तुकडे निघतात, आणि ते सबंध हिवाळा तसेच राहतात.

लव्हाळा एकदा नीट उपटून पाहावा. ओढला की वरचं पातं आणि त्याखालचा छोटा कंद हातात येतो, पण त्याला चिकटलेली तारेसारखी बारीक मुळी तुटते. माती हाताने उकरत त्या मुळीमागे गेलं की बोटाच्या पेराएवढी काळी गाठ लागते, तिच्यातून पुढे दुसरी तार, मग दुसरी गाठ. गाठ ठेचली की उटण्यातल्या नागरमोथ्याची आठवण करून देणारा वास येतो, कुळ एकच. या माळेतली टोकाची गाठ फुटलेली असते तोवर मागच्या गाठी झोपलेल्या राहतात. झोपलेल्या गाठीला पान नाही, म्हणून तिच्यापर्यंत फवारा नीट पोचत नाही. आणि कुदळीने माळ तोडली की प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. एका रोपाची दहा रोपं होतात ती अशी.

या गाठीला खरी भीती सुकण्याची. बहुतेक गाठी वरच्या १५-२० सेंटीमीटरमध्येच असतात. म्हणून मार्चअखेर वाफ्याचं पाणी तोडायचं, एप्रिलमध्ये माती फार कडक होण्याआधी २०-२५ सेंटीमीटर खोदायचं, आणि ढेकळं मुद्दाम मोठी ठेवायची. फोडायची नाहीत. दर आठ-दहा दिवसांनी ढेकळं उलटायची, दिसतील त्या गाठी वेचून घराच्या गच्चीवर फरशीवर वाळवायच्या. या काळात वाफ्यावर पाण्याचा थेंब पडता कामा नये. शेजारच्या आंब्याच्या आळ्यातून झिरपलेलं पाणीसुद्धा सगळी मेहनत वाया घालवतं. जूनच्या मध्याला पाऊस आला की वाचलेल्या गाठी फुटतील. त्यांना पंधरा दिवसांच्या आत खुरपीने कापायचं, कारण साधारण तीन आठवड्यांनंतर नवीन रोप नव्या गाठी धरायला लागतं. पावसाळ्यात त्या जागी भोपळा किंवा रताळं पसरू द्यावं. लव्हाळ्याला सावली मानवत नाही.

मे हातचा गेला असेल तर ऑक्टोबरात काय? तण जमिनीलगत कापायचं, बी धरलेले शेंडे वेगळे करून फेकायचे. गाजरगवताला हातमोजे घालूनच हात लावावा, त्याने अंगावर खाज आणि पुरळ उठतं. मग वाफा भिजवायचा, वापसा, म्हणजे काम करता येईल एवढीच ओल, येऊ द्यायचा, आणि फक्त वरची ५-७ सेंटीमीटर माती मोकळी करायची; खोल खोदलं तर खालचं जुनं बी वर येतं. दहा-बारा दिवस थांबायचं, उगवलेलं कोवळं तण खुरपीने वरवर खरवडायचं, आणि तेव्हाच पेरायचं. लव्हाळा फार असेल त्या वाफ्यात मेथी-कोथिंबीर फोकून पेरू नये, ओळीत पेरावी, म्हणजे दोन ओळींतून खुरपी फिरते. अगदीच वाईट वाफ्यात त्या वर्षी कोबी-फ्लॉवरची रोपं लावावीत. इंग्लंडच्या व्हिडिओत दिसतो तसा जमिनीवर पुठ्ठा अंथरण्याचा उपायही बरेच जण करून पाहतात. इंदूरला त्याला पावसाळ्यानंतर वाळवी लागते आणि लव्हाळ्याचं टोक पुठ्ठा भोकसून वर येतं.

कुंपणाकडेची, भाजी नसलेली जागा पेस्ट कंट्रोलवाल्याकडून फवारून घ्यायची असेल तर चार गोष्टी समोर उभं राहून बघाव्यात. पाणी बोअरचं नको: जड पाण्यातलं कॅल्शियम ग्लायफोसेटला बांधून ठेवतं, गढूळ पाण्यातली मातीही तेच करते. नळाचं नर्मदेचं स्वच्छ पाणी घ्यावं. बादली गॅल्व्हनाइज्ड लोखंडी नको, तिच्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन वायू निघतो, प्लॅस्टिकची घ्या. नोझल कीटकनाशकाचं बारीक धुक्याचं नको, सपाट पट्टा पाडणारं हवं, दाब कमी आणि वारा पडलेला. पानांवर धूळ साचली असेल किंवा ऊन लागून ती मलूल झाली असतील तर दोन दिवस आधी पाणी द्यावं, नाहीतर औषध आत जातच नाही. फवारल्यावर सहा तास पाऊस नको.

आणि प्रमाण बघा. २० बाय १० फुटांच्या तुकड्याला फवाऱ्याचं पाणी जेमतेम १ लिटर लागतं, त्यात औषध काही मिलिलिटर. घरगुती माणूस मात्र लिटरची बाटली आणतो आणि उरलेली फिनाइलच्या शेजारी ठेवतो. माझा खरा जीव इथे तुटतो. कारण दुकानात 'चारामार', म्हणजे तणनाशक, मागितलं की कधीकधी ग्लायफोसेटऐवजी पॅराक्वॅट हे दुसरंच तणनाशक हातात येतं. ते काही तासांत पानं जाळतं, म्हणून लोकांना 'जोरदार' वाटतं, पण मुळाला हातही लावत नाही. आणि ते एक घोट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. 'तिकडे बंदी आहे' हे वाक्य ज्या बाटलीबद्दल म्हणायला हवं ती ही.

इंग्लंडचा दाखला द्यायचाच असेल तर एक उलटा दाखला आहे. इथले सेंद्रिय बागवाले ज्याला 'इंदूर पद्धत' म्हणतात ते कंपोस्ट आपल्याच शहरात, १९२४ मध्ये स्थापन झालेल्या वनस्पती संशोधन संस्थेत, इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी बसवलं. आजचं कृषी महाविद्यालय त्याच परंपरेतलं. पालापाचोळा आणि तण, त्यावर शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख असे थर, ओल कायम, आणि तीन महिन्यांत तीनदा पलटी. ढीग नीट तापला तर कापून टाकलेल्या तणाचं बी त्यात मरतं. लव्हाळ्याच्या गाठी मात्र आधी वाळवूनच टाकाव्यात. ढिगाच्या कडेला त्या जिवंत राहतात.

शेणखत विकत घेताना इंग्लंडचा २००८ सालचा धडा आठवावा. कुरणावर मारलेलं अमिनोपायरॅलिड हे तणनाशक गवतातून जनावराच्या पोटात आणि तिथून शेणखतात तसंच उतरलं. त्या खतावरचे टोमॅटो आणि शेंगवर्गीय रोपं वेडीवाकडी झाली, आणि त्या औषधाची विक्री काही काळ थांबवावी लागली. आपल्याकडे गव्हात रुंद पानांच्या तणावर २,४-डी हे तणनाशक मारतात, भुसा गोठ्यात जातो, आणि ट्रॉली कुठल्या शेतातून आली हे सहसा कळत नाही. म्हणून खत वाफ्यात घालण्याआधी दोन कुंड्या भरा: एकीत निम्मं खत निम्मी माती, दुसरीत नुसती माती. दोन्हीत वालाचे चार-चार दाणे टोचा आणि तीन आठवडे पाहा. खताच्या कुंडीतली नवी पानं वाटीसारखी वळली किंवा शेंडा पिळवटला, तर ती ट्रॉली हिरवळीवर पसरा, भाजीच्या वाफ्यात नको.