‘विंडोज ११ टाकू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि तेव्हापासून एक मेसेज नातेवाइकांच्या, सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो आहे. शब्द बदलतात, मुद्दे तेच: विंडोज १०चे कॉम्प्युटर आता बंद पडणार, जुन्या मशीनवर ११ चालत नाही, नवं घ्या, ११ टाकलं की फोटो उडतात, एकदा टाकलं की परत फिरता येत नाही, तेव्हा अपडेट कायमचं बंद करून ठेवा. पाठवणाऱ्याला काळजीच असते. पण हा मेसेज वाचून कुणी गरज नसताना नवा लॅपटॉप घेतं, तर कुणी असुरक्षित मशीनवरून बँकेचे व्यवहार करत राहतं, म्हणून उत्तर द्यायला हवं.

‘बंद पडणार.’ नाही पडणार. विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२०मध्ये संपला, तरी ती मशीनं पुढे वर्षानुवर्षं चालली. थांबतात ते सुरक्षेचे पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारे छोटे अपडेट. सपोर्ट संपल्यावरही सुरक्षेचे पॅच देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ईएसयू योजनेत घरगुती विंडोज १०लाही ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगइन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, तर पैसेही लागत नाहीत. ज्याचं मशीन खरंच जुनं आहे, त्यानं आधी हे करावं.

‘नवं घ्या.’ थोडं थांबा. विंडोज ११ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. पाचव्या-सहाव्या पिढीच्या मशीनवर अधिकृतपणे ११ येत नाही, तिथे मेसेज बरोबर आहे. पण प्रोसेसर चालण्यासारखा असूनही ‘हा पीसी पात्र नाही’ असं दिसतं, तेव्हा बरेचदा टीपीएम फक्त बंद असतं. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर हे फार आढळतं. विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ इंग्रजीत (tpm.msc) टाइप करा. टीपीएम सापडत नाही असं आलं, तर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम नावाचा पर्याय शोधा. तो चालू केला की काम होतं, पण त्याला हात लावण्याआधी या लेखाचा शेवटचा परिच्छेद वाचा. आणि विंडोज जुन्या लेगसी पद्धतीनं टाकलेलं असेल, तर बायोसमधला बूट मोड (मशीन सुरू होण्याची पद्धत) स्वतःहून बदलू नका, मशीन सुरूच होणार नाही; जाणकाराला दाखवा.

‘फोटो उडतात.’ ही भीती हवेतून आलेली नाही. विंडोज १०चं ऑक्टोबर २०१८चं मोठं अपडेट, १८०९, आलं तेव्हा काही लोकांच्या फायली खरोखर पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टनं काही दिवसांतच ते थांबवलं, दुरुस्त केलं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिलं. कारण समजून घेण्यासारखं आहे. काहींनी डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे फोल्डर सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर वळवले होते, पण आधीच्या काही फायली सीवरच्या मूळ फोल्डरमध्ये तशाच राहिल्या होत्या. अपडेटनं तो मूळ फोल्डर रिकामा समजून काढून टाकला. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार अशा तक्रारी अपडेट केलेल्यांपैकी ०.०१ टक्क्यांच्या होत्या. पण ज्यांचं गेलं, त्यांचं गेलं, त्यांना टक्केवारी सांगून उपयोग नाही. म्हणूनच अपडेटच्या आधी फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, सोसायटीचे हिशेब बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, चार-दोन फायली तिथून उघडून पाहा आणि डिस्क काढून ठेवा. हे करायला अपडेटची वाट पाहू नये, कारण हार्ड डिस्क अपडेट नसतानाही जाते.

‘परत फिरता येत नाही.’ येतं. जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये राहतं आणि पहिले १० दिवस सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत ‘गो बॅक’ दिसतं. जागा मोकळी करायला तो फोल्डर मात्र उडवू नका. प्रिंटर, स्कॅनर, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन, मराठीचं जुनं सॉफ्टवेअर हे सगळं या १० दिवसांतच चालवून पाहा.

‘अपडेट कायमचं बंद ठेवा.’ संपूर्ण मेसेजमधला हा सर्वांत घातक सल्ला आहे. विंडोजमधलं एक भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ला दिला होता. त्याच भोकातून १२ मेला वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस शिरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. बळी पडलेली बहुतेक मशीनं विंडोज ७ची होती, म्हणजे तेव्हा सपोर्ट चालू असलेली. पॅच फुकट होता आणि जवळपास दोन महिने उपलब्ध होता, तरी तो टाकलेला नव्हता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला. त्यानंही इतर मार्गांबरोबर तेच भोक वापरलं आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. नवं मोठं अपडेट आल्या दिवशी टाकू नये, हे मलाही पटतं. त्यासाठी पाच आठवड्यांपर्यंत ‘पॉज’ करण्याची सोय आहे. थांबणं वेगळं आणि कायमचं बंद करणं वेगळं.

आता मेसेजमध्ये नसलेली, पण खरोखर फोटो घालवू शकणारी गोष्ट. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगइन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. मग बायोसमध्ये काही बदललं की मशीन सुरू होताना निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोजच्या या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर डेटा रिकव्हरीवालाही काही करू शकत नाही. आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती बहुधा साठवलेली असते. पण ते अकाउंट अनेकदा मुलानं किंवा दुकानदारानं उघडलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच आठवत नसतो. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते आजच पाहा. चालू असेल तर की कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा आणि मगच बायोस किंवा अपडेटकडे वळा.