जांभा दगडाविषयी खुलासा
सातवीच्या पालकगटांवर फिरणाऱ्या टिपणात ‘गोव्यातला जांभा म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यातली छिद्रे वायूच्या बुडबुड्यांची’ असे म्हटले आहे. ते टिपण मीच लिहिले होते आणि ते वाक्य चुकीचे आहे. उष्ण, पावसाळी हवामानात मूळ खडकाचे जागच्या जागी दीर्घकाळ विदारण होते (म्हणजे हवा-पाण्याने तो कुजत जातो), त्यातली सिलिका (वाळूतला मुख्य घटक) विरघळून वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात, तेव्हा जांभा तयार होतो. छिद्रेही बहुतांशी याच प्रक्रियेतली. खाणीतला ताजा चिरा मऊ असल्याने सहज तासता येतो आणि उघड्यावर राहिला की कडक होतो, हे आपल्या गवंड्यांना पुस्तकाविना ठाऊक असते (मी त्यांनाच आधी विचारायला हवे होते). चिऱ्यावर बोट घासल्यास लागणारी तांबूस भुकटी लोहाच्या ऑक्साइडाची असते. जुने टिपण कृपया पुढे पाठवू नये आणि मुलांच्या वहीतले ते वाक्य खोडून घ्यावे.