कोयती पेटवण्याआधी लोहाराला विचारा

वाडीच्या ग्रुपवर पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. ‘बोथट कोयती लालभडक तापवा, मिठाच्या पाण्यात बुडवा, वर्षभर धार जाणार नाही. सुरी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, दुप्पट टिकते. लोहचुंबक चिकटलं तर ते स्टेनलेस नव्हे. पूर्वजांचं पोलाद गंजत नसे, पाहा दिल्लीचा लोहस्तंभ.’ मी वाचून सोडून दिला असता. पण आमच्या धाकट्या काकांनी परवा तो करून बघितला. गॅसवर कोयतीची पाठ लाल होईना, म्हणून परसात करवंट्या पेटवल्या आणि टेबलफॅन लावला. संध्याकाळी शहाळं तासताना दुसऱ्याच घावाला कोयतीचा दोन बोटांएवढा तुकडा उडाला तो पडवीच्या खांबात. खांबाशी नात खेळत होती.

तुटलेली कड मी उन्हात धरली. आत रव्यासारखे चमचमते दाणे. पोलाद गरजेपेक्षा जास्त तापलं की दाणा असा मोठा होतो आणि कड ठिसूळ होते. वर मिठाचं पाणी! ते साध्या पाण्यापेक्षा पोलाद झपाट्यानं थंड करतं, एवढं खरं आहे. म्हणूनच तडे जातात. कोयती होती ट्रकच्या कमानपाट्याची, आणि ते पोलाद तेलात विझवायचं असतं.

मेसेजनं खरा घोटाळा पुढे केलाय. पाणी देणं, म्हणजे तापवून एकदम गार करणं, हे अर्धंच काम. लाल पोलाद एकदम विझवलं की ते काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच फुटतं. म्हणून लोहार कड घासून चकचकीत करतो, ती परत मंद आचेवर धरतो आणि रंगावर डोळा ठेवतो. साधारण २२० अंशांना गवताचा पिवळा येतो, मग तपकिरी, जांभळा, ३०० च्या आसपास निळा. सुरीला पिवळा चालतो, घाव सोसणाऱ्या हत्याराला त्याच्या पुढे जावं लागतं. हे ज्यानं वगळलं त्यानं निदान स्वतःच्या घरी तरी करून बघायचं. आणि मुळात धार बोथट झाली म्हणजे पाणी गेलं असं नसतं हो. दगडावर घासा!

फ्रीजरचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, नाइलाजानं मान्य करतो. काही मिश्रधातूंची हत्यारं कारखान्यात पाणी दिल्याबरोबर द्रवरूप नायट्रोजननं उणे १९६ अंशांपर्यंत गार करतात, कारण आत कडक रूपात न बदललेला भाग उरलेला असतो. घरचा फ्रीजर उणे १८, आणि सुरी तयार झालेली. ती फक्त गार होते.

लोहचुंबकाचं तर उलटंच आहे. सुरीचं स्टेनलेस साधारण १३ टक्के क्रोमियमचं, त्याला लोहचुंबक चिकटतंच. चिकटत नाही ते बहुतेकदा ताटवाट्यांचं, निकेल असलेलं; त्याला पाणीच देता येत नाही.

राहता राहिला लोहस्तंभ. तो मुळात पोलादाचा नाही, घडीव लोखंडाचा आहे. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं की त्यातल्या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झालाय. तोच फॉस्फरस लोखंड ठिसूळ करतो, कोयतीत कोण घालणार? शिवाय दिल्लीच्या कोरड्या हवेची इथल्या खाऱ्या वाऱ्याशी तुलना करायची, तर आधी आमच्या खिडकीचे गज बघायला या.

काका आता उडालेला तुकडा वेल्डिंग करून बसवायचं म्हणतायत.