पास मिळतील का हो?

मैत्रिणीच्या कार्यक्रमाची जाहिरात आज सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. येत्या शनिवारी ती स्वतःच्या कविता वाचणार, नवरा पेटीवर, चार-पाच कविता दोघं मिळून गाणार. तिकीट दोनशे रुपये. पहिलं उत्तर: "पास मिळतील का हो?" दुसरं: "कवितेला कसलं तिकीट?"

या दुसऱ्यावर डोकं सटकलं.

गेल्या कोजागिरीला एका मंडळानं याच दोघांना बोलावलं होतं. मांडववाल्याला पैसे, साउंडवाल्याला पैसे, मसाला दूध आटवणाऱ्यालाही पैसे. या दोघांना शाल-श्रीफळ! आणि वर अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमची तर हौस आहे."

हौस म्हणे. मी त्यांच्या तालमी पाहिल्यात. छंदातली कविता चालीत बसते, पण मुक्तछंदात पेटीनं कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं यावरून दोघांची रात्री अकराला भांडणं होतात. एका ओळीनंतर सूर नुसता धरून ठेवायचा, एवढं ठरायला आठवडा जातो. त्या कोजागिरीला नेमक्या त्याच ओळीवर मागून कुणीतरी ओरडलं, "दूध आलं!"

आणि हे काही नवीन खूळ नाही. विंदा, बापट, पाडगावकर एकत्र गावोगाव कविता वाचत हिंडले. बोरकर स्वतःच्या कविता गाऊन म्हणत, आणि त्याच कविता पुढे पुलं-सुनीताबाईंनी जोडीनं लोकांपुढे मांडल्या. संदीप खरे-सलील कुलकर्णींचं 'आयुष्यावर बोलू काही' 2003 पासून चालू आहे, तिथे तिकिटाला रांगा लावणारे आपणच ना? मग गल्लीतल्या कवयित्रीपाशी आल्यावरच आपला हात खिशात का अडकतो?

बरं, काही काव्यवाचनं जीव नकोसा करतात, मान्य. निवेदक तर कवीपेक्षा जास्त बोलतो.

पण या दोघांचं तसं नाही हो. कोजागिरीला दुधाची गडबड संपल्यावर तिनं आईवरची कविता पुन्हा म्हटली, यानं पेटी बंदच ठेवली. माझ्या शेजारच्या आजी ग्लास हातात धरून तशाच बसून राहिल्या. नंतर दोघं पेटी मांडीवर घेऊन रिक्षानं घरी गेले. स्वतःच्या पैशानं. हे आठवलं की पुन्हा संताप येतो.

असो. पाससाठी मला मेसेज करू नका. दोनशे रुपये खरंच जड जात असतील तर मात्र बिनधास्त करा, तुमचं तिकीट मी काढते. ज्यांनी "कसलं तिकीट" विचारलं, त्यांची गाडी मी रोज बघते. त्यांनी दोन काढावीत.